चाक थरथरतंय की हात

गाडी आवाज करते म्हणून आलेलं गिऱ्हाईक मला आवडतं. आवाजाला जागा असते. बॉनेट उघडायचं, कान लावायचा, हळूहळू जवळ जायचं. गाडी चालूच होत नाही म्हणून टोचन करून आणली तरी हरकत नसते, कारण बंद गाडी तपासताना आपल्याला फसवत नाही. पण कोणी दारात उभं राहून "मेस्त्री, गाडी पुढनं थरथरतीया" असं म्हटलं की मी आधी घोटभर पाणी पितो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. आता निम्मं काम पुतण्या बघतो आणि मी खुर्चीत बसून चुका काढतो. पण इतकी वर्षं गाड्यांखाली झोपूनही थरथर हा प्रकार मला पुरता कळला, असं मी म्हणणार नाही. चाकाचं वजन एका बाजूला जास्त झालं, रिम वाकली, टायरच्या आतल्या तारा सुटल्या, बेअरिंग ढिलं झालं, बुश फाटला, एक्सलचा सांधा झिजला, काहीही झालं तरी गिऱ्हाइकाच्या तोंडून शब्द एकच निघतो. थरथर उगवते चाकात, चढते स्टेअरिंगच्या दांड्यात आणि कळते हाताला. मधल्या वाटेवर कुठं काय बिघडलंय, ते हुडकायचं असतं.

एकदा कुरुंदवाडचे एक शेतकरी असेच आले होते. ताशी साठच्या वर गेली की गाडी नाचते, म्हणाले. मी गाडी धुवायला लावली, नंतर फिरवून आणली, काहीच नाही. त्यांना परत पाठवलं. आठवड्याने पुन्हा दारात, पुन्हा तीच तक्रार. त्या वेळी पाण्याचा पाइप तुटला होता म्हणून गाडी न धुताच चाकं काढली, तर रिमच्या आतल्या बाजूला उसाच्या रानातल्या काळ्या मातीचा वाळलेला थर. विटेएवढं वजन एकाच अंगाला. आधीच्या खेपेला मी गाडी धुतली तेव्हाच तिचं दुखणं गटारीतून वाहून गेलं होतं, आणि मी चांगल्या गाडीत बिघाड शोधत बसलो होतो. तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो. यशवंत कांबळेमामांच्या गाडीचं मात्र तसं झालं नाही.

मामा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटरस्त्यांवर गेलेली. गगनबावड्याचा घाट तर पावसाळी धुक्यात, पुढचं काही दिसत नसताना, निव्वळ सवयीनं उतरवलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. ते आणि मामी राहायला फुलेवाडीत. मुलगी रेखा दिलेली घाटाखाली, कोकणात. नातीला बघायला दोघं महिन्यातून एक-दोनदा घाट उतरायचे. मुलगा संजय सांगलीला औषधाच्या कंपनीत नोकरीला.

पावसाळा संपत आला होता तेव्हा मामा पहिल्यांदा ही तक्रार घेऊन आले.

"पुढचं चाक थरथरतंय, मेस्त्री. स्टेरिंगला हात ठेवला की झिणझिण्या येत्यात."

"किती वेगाला?"

"वेगाचं काय न्हाय. कवा चाळीसला बी थरथरती, कवा साठला बी गप असती."

"रोज?"

"न्हाय की. आली की येती. पाहुण्यागत."

मी गाडी घेऊन हायवेला गेलो. कागलच्या बाजूला मोकळा, गुळगुळीत रस्ता आहे, थरथर तपासायला आम्ही सगळे तिकडंच जातो. चाळीस, साठ, ऐंशी. गाडी तिच्या वयाच्या मानाने झकास होती. तरी परत येऊन मी चाकांचं बॅलन्सिंग केलं, म्हणजे चाक मशीनवर फिरवून हलक्या बाजूला शिशाचा छोटा तुकडा लावला. पुढचे टायर मागं टाकले, मागचे पुढं. मामा गाडी घेऊन गेले.

पंधरवड्यात परत आले. "तसंच हाय."

आता मी चाकाखाली शिरलो. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश चिरलेले दिसले, बदलले. बुश चिरले की चाक डगमगतं, तेव्हा हेच असणार, अशी माझी खात्री पटली. हायवेला नेली, झकास. मामा घेऊन गेले, परत आले. "तसंच हाय." डाव्या चाकाचं बेअरिंग किंचित गुरगुरत होतं, ते बदललं. पुन्हा झकास, पुन्हा तसंच.

मी मामींना विचारलं. त्या नेहमी मागच्या सीटवर बसायच्या; पुढं बसलं की घाटातली दरी बघून त्यांना गरगरायचं. म्हणाल्या, "मला कसं कळणार बाबा? घाट लागला की मी डोळं मिटून बसती. गाडी थरथरती का मी, काय ठाव."

मामा हसले नाहीत. दिव्याचं बटण बिघडावं तसा एरवीचा बोलका माणूस मधेच बंद पडायला लागला होता.

मग संजयचा फोन आला. मी त्याला आधी दोन-तीनदाच पाहिलं होतं. शांत मुलगा, वडिलांसारखाच उंच.

"मेस्त्री, स्पष्टच विचारतो. गाडीत काय बिघाड आहे का?"

"का रे?"

"बाबांचे हात कापायलेत. गणपतीत घरी गेलतो तवा बघितलं. चहाचा कप उचलला की बशी वाजती. आई म्हणती, वयाचं हाय. पण मला वाटतंय, स्टेअरिंग थरथरत न्हाय, ह्यांचा हात थरथरतोय आणि ते गाडीवर ढकलायलेत. घाटात काय झालं तर?"

 त्याच्या म्हणण्यात सगळंच बसत होतं. माझ्या हातात गाडी कधीच थरथरत नव्हती, ती फक्त मामांच्या हातात थरथरायची. मी खरं तेच सांगितलं, "मला तरी अजून गाडीत काही सापडलेलं नाही."

"मग मी दिवाळीला आलो की किल्ली घेऊन जातो," संजय म्हणाला. "ते चिडतील, पण इलाज न्हाय."

पुढच्या खेपेला मामा आले तेव्हा मी चहा मागवला आणि, खरं सांगायचं तर, चोरून बघितलं. मामांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. थंडी नव्हती. तरीही मला ठामपणे काही म्हणता येईना. गरम ग्लास बरेच लोक दोन्ही हातांनी धरतात. मी स्वतः कसा धरतो तेही मला आठवेना. गाडीपेक्षा माणूस तपासायला अवघड. त्याला जॅकवर उचलता येत नाही.

मामांनी माझी नजर पकडली. ग्लास खाली ठेवला.

"संज्या बोलला न्हवं तुमच्याशी?"

"बोलला."

"काय सांगितलासा त्याला?"

"गाडीत मला काही सापडलं नाही म्हणून."

 बाजूच्या कारखान्यात लेथ चालू होता, त्याच्यावर आवाज चढवून बोलावं लागायचं. पण मामा हळू बोलले आणि मला नीट ऐकू आलं.

"मेस्त्री, मला खरं सांगा. मी रागवायचो न्हाय. चाक थरथरतंय की माजा हात थरथरतोय? मलाच कळंना झालंय. पयल्यांदा वाटलं, चाक. आता स्टेरिंग धरलं की नजर हातावर जाती. हात बघाय लागलो की रस्ता दिसंना होतो. इतकी वरसं गाडी हाकली, असलं कवा झालं न्हाय."

माणसांनी खच्चून भरलेली बस धुक्यातून उतरवणारा माणूस मला विचारत होता की आपले हात आपलेच आहेत का. मी म्हणालो, "मामा, मला माहीत नाही."

आजही वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं सर्वात बरं वाक्य तेच. कारण ते ऐकून मामा जरा सैल झाले. त्यांना वाटत होतं, निकाल लागून गेलाय आणि फक्त त्यांनाच कोणी सांगत नाहीये.

"थरथर येते कुठं?" मी विचारलं. "वेग सोडा. जागा सांगा."

त्यांनी विचार केला. "घाट उतरताना हमखास. आणि कवाकवा गावात, रंकाळ्याकडनं गर्दीतनं येताना."

"मग रविवारी मी तुमच्यासोबत येतो. गाडी तुम्हीच चालवायची."

रविवारी सकाळी निघालो. मामा स्टेअरिंगवर, मी शेजारी, मामी मागं नातीसाठी केलेल्या करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन. मी रस्ता बघितलाच नाही. सगळा वेळ त्यांचे हात बघत होतो. डाव्या हाताची बोटं मधूनच स्टेअरिंगवर ताल धरल्यासारखी हलायची. ते कापणं होतं की सवय? रस्ता खराब लागला की सगळीच गाडी हलायची आणि माझा हिशेब चुकायचा. पण त्यांचं चालवणं मात्र बघत राहावं असं होतं. वळणाच्या आधीच गियर पडलेला, समोरून ट्रक दिसायच्या आधीच बाजू दिलेली. पोटातलं पाणी हलत नव्हतं. गगनबावड्यापर्यंत एकदाही थरथर नाही. तिथं चहा प्यायला थांबलो. मामांनी चहा घेतलाच नाही.

घाट सुरू झाला. वळणामागून वळण, सतत ब्रेकवर पाय. मधे एक एस.टी. वर येत होती, तिला जागा द्यायला थांबलो. मग पुन्हा उतार. निम्मा घाट उतरल्यावर मामा नुसतं म्हणाले, "आली."

मी स्टेअरिंगकडं बघितलं. थरथरत होतं. त्यांचे हातही थरथरत होते. कोण कोणाला हलवतंय, ते मला कळेना. मग माझ्या बुटांच्या तळव्याला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. तिथं तर मामांचे हात नव्हते.

"मामा, बाजूला घ्या. मी चालवून बघतो."

जागा बदलल्या. थोडंच पुढं गेलो आणि स्टेअरिंगने माझी मनगटं धरून हलवायला सुरुवात केली. गाडी डावीकडं ओढतही होती. मी काही बोलणार इतक्यात मागून मामी म्हणाल्या, "आरं, कसला जळका वास येतोय? चिंधी जळाल्यागत. दर वक्ताला येतोय ह्यो. मला वाटायचं, घाटात कोण तर कचरा पेटवतंय."

रुंद जागा बघून थांबलो, मागच्या चाकांना दगड लावले. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखी धग. जॅक लावून चाक उचललं आणि फिरवायला गेलो, फिरेना. ब्रेकवर कोणाचा पाय नव्हता, तरी ब्रेक लागलेला.

आता यातलं काम सांगतो, कारण ते सोपं आहे आणि तरी मला एवढे दिवस हुलकावणी देत होतं. आपण ब्रेक दाबला की ऑइल नळीतून चाकाकडं जातं आणि ब्रेकच्या पट्ट्या चाकाच्या डिस्कवर दाबून धरतं. पाय काढला की ते मागं फिरायचं. चाक वळतं, खालीवर होतं, म्हणून त्याच्याजवळची शेवटची वीतभर नळी रबराची असते. जुनी झाली की कधीकधी ती आतून फुगते. बाहेरून बघाल तर नवीकोरी. पायाच्या जोरावर ऑइल आत ढकललं जातं, पण परतीला तेवढा जोर नसतो, मग ते अडकतं. ब्रेक अर्धा धरलेला राहतो, डिस्क तापते, तापून वेडीवाकडी होते आणि चाक थरथरतं. गाडी थोडा वेळ उभी राहिली की ऑइल झिरपून मागं जातं, डिस्क निवते आणि सगळं पूर्ववत. घाटाखाली लेकीकडं जेवण उरकून निघेपर्यंत गाडी शहाण्यासारखी झालेली असायची. आणि मी तपासायचो हायवेला, जिथं ब्रेकला पाय लावायचीच गरज पडत नाही.

नळीच आहे की आणखी काही, ते बघायला मी आधी नळीच्या वरच्या टोकाचा जोड ढिला केला. चाक जाम ते जामच. जोड पुन्हा आवळला आणि मग चाकाकडचा छोटा निपल उघडला. ऑइलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे दाब त्या वीतभर रबराच्या पलीकडंच अडकून बसला होता.

नंतर आत शिरलेली हवा काढायला ब्रेक दाबायला कोणीतरी हवं होतं. मामा मदतीला येतील असं वाटलं, पण ते कठड्याजवळ जाऊन उभे होते. मामी पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या.

"दाबा मामी. धरून ठेवा. आता सोडा."

"हे एवढंच असतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "आणि ह्ये आमाला सांगायचे, गाडी हाकणं लई अवघड."

मामा फोनवर होते. त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "संज्या, चाकच हाय. मेस्त्रींच्या हातात बी थरथरली." मग पलीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाय, तू चुकला न्हाईस. मला बी तसंच वाटाय लागलं हुतं."

त्या दिवशी आम्ही खाली गेलोच नाही. गाडी निवल्यावर सावकाश घाट चढून कोल्हापूरला आलो. करंज्या माझ्या गॅरेजात संपल्या. मी दोन्ही बाजूंच्या नळ्या, डिस्क आणि पट्ट्या बदलल्या. माझ्या मते काम संपलं होतं. कांबळेमामा खरे ठरले, गाडी खोटी ठरली, आणि दिवाळी तोंडावर असताना एका म्हाताऱ्या माणसाची किल्ली वाचली म्हणून मी खूश होतो.

मामा गाडी न्यायला आले तेव्हा म्हणालो, "चला, एक फेरी मारू." या वेळी हायवे नाही, रंकाळ्याच्या बाजूने, गर्दीतून, मुद्दाम ब्रेक दाबत. गाडी शांत. स्टेअरिंग एखाद्या टेबलासारखं स्थिर.  फुलेवाडीच्या अलीकडं रस्ता जरा मोकळा झाला, तिथं त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. पण हात स्टेअरिंगवरच राहू दिले.

इंजिन बंद होतं, चाकं उभी होती. आणि त्यांच्या डाव्या हाताखाली स्टेअरिंग अगदी बारीक हलत होतं. लक्ष दिलं नसतं तर दिसलं नसतं.

"मेस्त्री, आता गाडी गप हाय न्हवं?"

"गप आहे, मामा."

"मग ह्ये माजं."

 काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो की दमणूक असेल, झोप झाली नसेल. त्यांनी मान हलवली, पण माझं समाधान करण्यापुरती. मग ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरका तिकडं. तुमी चालवा."

पुढं डॉक्टरांना दाखवून झालं. डॉक्टर म्हणाले, हात कापण्याचा हा प्रकार एकेका घराण्यात असतो. मामांच्या वडिलांचेही हात कापायचे. लोकांना वाटायचं, पितात. गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला, कप बशीत वाजायचा थांबला. घाट मात्र नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी अजूनही त्यावर विचार करतो. त्या सगळ्या खेपांतली किती थरथर नळीची होती आणि किती मामांची? गर्दीतून येताना जी जाणवायची, ती कुणाची? घाटातसुद्धा, माझ्या तळव्यांना कळण्याआधी मामा "आली" म्हणाले, तेव्हा नक्की काय आलं होतं? गाडी चांगली केली नसती तर त्यांना आपला हात कळला नसता. म्हणजे मी त्यांचं काय केलं, भलं की बुरं, याचा मेळ मला लागत नाही. पुतण्या म्हणतो, काका, नळी खराब होती, बदलली, विषय संपला. त्याचं वय लहान आहे.

दिवाळीच्या आधी मामांनीच संजयला फोन केला. "किल्ली न्यायला ये," म्हणाले. "पर ध्यानात ठेव, मी देतोय. तू घेत न्हाईस."

भाऊबीजेला रेखाकडं जायला तिघं निघाले, तेव्हा हवा भरायला माझ्या दारात थांबले. संजय स्टेअरिंगवर, मामा डावीकडं, मामी मागं, मांडीवर नवीन डबा. मी ब्रेकच्या नळ्या एकदा हाताने चाचपून घेतल्या. संजय जरा बावरलेला होता. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर गाडी चालवणारा मुलगा, घाट त्यानं नेहमी मागच्या सीटवरून बघितलेला.

"बाबा, उतारावर ब्रेक किती दाबायचा?" त्यानं विचारलं.

"ब्रेकला पाय लावायच्या आदी गियर खाली घ्यायचा," मामा म्हणाले. "आणि वळणावर हॉर्न. समोर कोण दिसू दे न्हायतर न दिसू दे."

गाडी चौकात वळेपर्यंत मी दारातच उभा होतो. मामांचा हात खिडकीबाहेर होता. मागच्या रिक्षावाल्याला थांबवून ते आपल्या पोराला वाट करून देत होते.